अण्णाभाऊ साठे मोठ्याने वाचून बघा

आमच्या इंदूरातल्या मराठी घरांमधली पुस्तकांची कपाटं मी लहानपणापासून बघत आलेय, रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात, कुठेही जा, ऐतिहासिक कादंबऱ्या हमखास असतात, विनोदी लेखनाचा एक कप्पा असतो, दिवाळी अंकांचे गठ्ठे असतात, पण अण्णाभाऊ साठे मात्र क्वचितच दिसतात. नाव सगळ्यांना माहीत असतं. 'माझी मैना गावावर राहिली' हे गाणंही कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. पण पस्तीस कादंबऱ्या लिहिलेला हा माणूस कादंबरीकार म्हणून वाचलेला नसतो, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मला जे सांगायचंय ते असं की अण्णाभाऊ आधी तमासगीर होते, म्हणजे स्टेजवरचे माणूस होते, आणि कादंबरीकार नंतर झाले. चरित्रात ही माहिती एका ओळीत देऊन पुढे जातात. माझं म्हणणं आहे की त्यांची कादंबरी कळायची असेल तर सुरुवात तिथूनच करायला पाहिजे.

तुकाराम भाऊराव साठे हे मूळ नाव. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, वाळवा तालुका, आता सांगली जिल्हा. मातंग समाजातलं घर, आईचं नाव वालुबाई. इंग्रज सरकारने ज्या जमातींना कायद्यानेच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं, ज्यांना रोज चावडीवर जाऊन हजेरी द्यावी लागायची, त्यांचं जगणं या मुलाने घरातून बघितलेलं. शाळा दीड दिवसाची, असं सगळीकडे सांगतात. मास्तरांचा मार खाल्ला आणि संपलं शिक्षण. वडील मुंबईत साहेबांच्या बागेत काम करायचे, दुष्काळाच्या दिवसांत १९३१ च्या सुमारास ते सगळ्या घरालाच घेऊन पायी मुंबईला निघाले, वाटेत मिळेल ती मजुरी करत. वाटेगाव ते मुंबई हे अंतर नकाशात बघा एकदा, घाटासकट, आणि बरोबर लहान मुलं आहेत हे लक्षात ठेवून बघा.

मुंबईत काय काय केलं याची यादी फार मोठी आहे. हमाली, फेरीवाल्याबरोबर कापडाचं गाठोडं वाहणं, हॉटेलात पोऱ्या, बूटपॉलिश, आणि मग गिरणी. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघून. मग काम सुटलं, गावाला परत, आणि तिथे नात्यातल्याच बापू साठेंच्या तमाशाच्या फडात शिरले.

इथे जरा थांबते, कारण माझ्या मते सगळं इथेच घडलं. मी स्वतः हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काम करतेय, एकांकिका बसवते, अभिवाचनं करते, त्यामुळे मला हे जास्त जाणवत असेल. तमाशाच्या फडात माणूस काय शिकतो? समोर बसलेला माणूस दिवसभर शेतात राबून आलेला आहे, त्याने फार तर चार पैसे दिलेत, आणि तो कंटाळला तर उठून जाणार आहे, तेही तुमच्या डोळ्यांदेखत. गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, मग वग, म्हणजे तमाशातलं मुख्य नाट्य, सुरू होतो, आणि वगाला लिहिलेली संहिता अशी नसतेच, गोष्ट ठरलेली असते आणि संवाद उभ्या उभ्या तिथेच जुळवायचे. सोंगाड्याने एक वाक्य टाकलं की त्याला उत्तर तोंडात तयारच पाहिजे. जास्त लांबलं की गेलं. कमी पडलं की हशा येत नाही. ढोलकीवाला थाप मारून मोकळा होतो आणि तुमचं वाक्य हवेत. अण्णाभाऊ ढोलकी, तुणतुणं, पेटी वाजवायचे, गायचे, सोंगं करायचे, लाठीकाठी आणि दांडपट्टाही त्यांना यायचा. लिहायला नीट यायच्या आधीच गोष्ट उभी कशी करायची, माणसाला आत कधी आणायचं, त्याला बोलायला कधी लावायचं, हे या माणसाला येत होतं.

मग परत मुंबई, माटुंग्याचा लेबर कॅम्प, कम्युनिस्ट पक्षाची माणसं, सभा, संप. लेबर कॅम्पातल्या डासांवर त्यांनी पोवाडा केला होता म्हणे, सुरुवातीच्या रचनांमधला तो. मला ही गोष्ट फार आवडते. शाहिराने पराक्रमी पुरुषांवर पोवाडे करायचे ही रीत, आणि यांनी वस्तीत रात्रभर झोपू न देणाऱ्या मच्छरांवर केला कारण समोर बसलेल्या प्रत्येकाचं रोजचं दुखणं तेच होतं. त्यानंतर १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा आला, त्याने नाव झालं. आणि १९४४ मध्ये अमर शेख, दत्ता गव्हाणकर आणि अण्णाभाऊ या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक काढलं. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'पुढारी मिळाला' ही नावं वाचूनच कळतं की काय चाललेलं असणार. तमाशाचा सांगाडा तोच ठेवला, पण गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवाजी महाराजांना वंदन, गवळण काढूनच टाकली, आणि वगात राजाराणीच्या जागी सावकार, शेतकरी, गिरणीमालक, कामगार. अमर शेखांचा आवाज पहाडी, मैदानाच्या शेवटच्या टोकाला पोचायचा, आणि अण्णाभाऊंची लेखणी. पुढे मुंबई सरकारने या तमाशांवर बंदी घातली, मग हेच खेळ लोकनाट्य या नावाने सुरू राहिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर हे लोक अक्षरशः रस्त्यावर होते. 'माझी मैना' त्याच काळातली छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, गावाकडे राहिलेली बायको आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख दोन्ही एकाच विरहात बांधलेले. आम्ही महाराष्ट्राबाहेरचेच मराठी, होळकरांबरोबर इथे आलो आणि इथलेच झालो, आमच्या मनात तसली तगमग नाही, तरी ते गाणं ऐकताना गळा भरून येतो हे खरं.

आता कादंबऱ्यांकडे येते. त्यांच्या बहुतेक महत्त्वाच्या कादंबऱ्या पन्नास-साठच्या दशकांतल्या. माझा अंदाज असा की स्टेजवर जे जे अडवलं गेलं ते सगळं कागदावर आलं. 'फकिरा' १९५९ ची. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली, वि. स. खांडेकरांची प्रस्तावना, १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाटेगावचा राणोजी मांग शिगावच्या जत्रेतून जोगणी आणायला जातो, म्हणजे त्या गावचा जत्रेचा मान हिसकावून आपल्या गावाला आणायचा, आणि त्यात तो जीव गमावतो. जोगणी मात्र गावात येते. त्याचा मुलगा फकिरा. तो मोठा होतो तोवर दुष्काळ पडलेला, साथीचा रोग, माणसं उपाशी मरायला लागलेली, आणि सरकार हजेरी लावतंय. फकिरा आपल्या माणसांना जगवण्यासाठी धान्य लुटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो, आणि शेवटी सरकार त्याच्या माणसांना, बायकापोरांना ओलीस धरतं तेव्हा स्वतःहून हजर होतो. गोष्ट खऱ्या माणसावर आहे, फकिरा अण्णाभाऊंच्या नात्यातलाच.

मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मनातल्या मनात, रात्री दिवा लावून, आणि आवडली. पण काही वर्षांनी आमच्या ग्रुपने अभिवाचनासाठी जोगणीचं प्रकरण काढलं आणि तालमीत पहिल्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं की हे काहीतरी वेगळं आहे. वाक्यं छोटी. श्वास जिथे घ्यावा लागतो तिथेच पूर्णविराम. एखादा माणूस येण्याआधी त्याच्याबद्दल दुसरे दोघं बोलून घेतात, गावात त्याची हवा तयार होते, आणि मग तो येतो, अगदी वगातल्या एंट्रीसारखा. संवाद असे की वाचणाऱ्याला आवाज बदलावाच लागतो, शंकरराव पाटलाचं बोलणं वेगळं, राणोजीचं वेगळं, आणि लेखकाने कुठेही 'तो रागाने म्हणाला, तो दुःखाने म्हणाला' अशा कुबड्या फारशा दिलेल्या नाहीत, कारण वाक्यातच राग बसवलेला आहे. वर्णनसुद्धा डोळ्यासमोर नेपथ्य उभं करण्यापुरतं. डोंगर, वारणेचं पात्र, रात्र, मशाली, झालं, माणसं बोलायला लागली. राणोजी निघतो तिथपासून पुढचा भाग वाचताना तर आमच्यातला जो हलगी वाजवतो तो आपोआप मांडीवर ठेका धरायला लागला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ते अभिवाचन आम्ही एका मैत्रिणीच्या घरी केलं, गच्चीवर, पंचवीस-तीस माणसं. त्यात शेजारचे एक काका होते, हुकुमचंद मिलमध्ये आयुष्य काढलेले, मराठी समजतात पण बोलतात माळवी-हिंदीच. इंदूर बाहेरच्या लोकांना इंदूर म्हटलं की पोहे-जलेबी आणि सराफा आठवतो, पण हे एके काळी मिलचं शहर होतं, मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण, भोंग्यावर शहर उठायचं आणि जेवायचं. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि मजदूरांचे अडकलेले पैसे द्यायचा निकाल व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, २२४ कोटी, चार हजार आठशेच्या आसपास माणसं, त्यातले कित्येक तोवर गेलेले, त्यांच्या बायकांनी, मुलांनी पैसे घेतले. आणि याच मिलच्या मजदूरांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले हलते देखावे, इतकी वर्षं जिवंत ठेवल्या, मिल बंद पडल्या तरी झांकी बंद पडली नाही, लोकांकडून मदत गोळा करून काढतात अजून. मला नेहमी वाटतं की ज्याने आठ तासांची पाळी भरून उरलेल्या वेळात झांकीचे पुतळे हलते केले तो माणूस आणि लालबाग-परळच्या मैदानात पाळी सुटल्यावर कलापथकाचा तमाशा बघायला उभा राहिलेला माणूस हा एकच.

तर ते काका सुरुवातीला भिंतीला टेकून बसलेले, नंतर हळूहळू पुढे सरकत अगदी वाचणाऱ्यांच्या समोर येऊन बसले, आणि जोगणी सीमेच्या आसपास पोचते तिथे मोठ्याने म्हणाले, "अरे भाग, भाग!" सगळे दचकले, वाचणारा थांबला नाही हे बरं झालं. कार्यक्रम संपल्यावर ते मला म्हणाले की पुढे काय होतं ते आत्ताच सांगा, पुढच्या वेळेपर्यंत थांबणार नाही. आमच्याकडे मोठ्या सभागृहात मुंबई-पुण्याची नाटकं येतात, प्रेक्षक फार जाणकार आहेत, टाळ्या योग्य जागी येतात, पण असा मधेच ओरडलेला प्रेक्षक मी फार कमी वेळा बघितलाय. अण्णाभाऊंनी कादंबरी लिहिली ती याच माणसाला समोर धरून, हे मला त्या रात्री पक्कं कळलं.

कथांमध्ये तर हे अजून धारदार आहे. 'स्मशानातील सोनं' घ्या. भीमा नावाचा धिप्पाड पैलवानी माणूस, मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करणारा, खाण बंद पडते, आणि मग तो रात्री मसणात जाऊन मढ्यांच्या राखेतून, पुरलेल्या प्रेतांच्या अंगावरून सोनं शोधायला लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात, ती जातात, आणि दुसऱ्याच दिवशी कळतं की खाण परत सुरू होतेय. सांगताना दोन मिनिटांत संपते, पण वाचताना, ती कोल्ह्यांबरोबरची झुंज, तो अंधार, मी अजून कुठल्याही वाचनात एका दमात पूर्ण करू शकलेले नाही, मधे पाणी प्यावं लागतं. यात भुताखेताची भीती नाहीच. भीती आहे ती बेकारीची. काम गेलेल्या माणसाचे हात कुठवर जातात ते बघा, एवढंच तो लेखक दाखवतो, भाषण देत नाही. पक्षाचा कार्यकर्ता असूनही देत नाही.

आता लोक म्हणतात ते आक्षेप. भडक आहे, नाट्यमय आहे, नायक फार शूर, खलनायक फार दुष्ट, योगायोग फार. काही कादंबऱ्यांच्या बाबतीत हे मला मान्य आहे. पस्तीस कादंबऱ्यांमध्ये सगळ्याच 'फकिरा' नाहीत, काही वाचताना स्पष्ट जाणवतं की घाईत लिहिल्यात, प्रकाशकाकडून पैसे यायचे म्हणून लिहिल्यात, शेवट गुंडाळलाय. पण 'नाट्यमय' हा शब्द कादंबरीच्या समीक्षेत शिवीसारखा का वापरतात ते मला पटत नाही. मैदानात शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दिसायचं असेल तर हात जरा मोठा करूनच उचलावा लागतो, हे कुठल्याही नटाला विचारा. दिवाणखान्यात बसून हळू आवाजात सांगितलेल्या गोष्टीचे नियम त्याला लावायचे आणि मग तो नियमात बसत नाही म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

आणि जिथे त्यांना जवळून माहीत होतं तिथे ते अजिबात भडक नाहीत. 'वैजयंता' वाचा. तमाशातल्या बाईची गोष्ट. तमाशातली बाई म्हटलं की मराठी कथा-सिनेमात एक तर ती पाटलाला नादी लावणारी, नाहीतर बिचारी. अण्णाभाऊंची वैजयंता कलावंत आहे, तिला तिच्या कामाचा अभिमान आहे, आणि बोर्डावर उभं राहिल्यावर खालून येणारी नजर कशी असते, मालक पैशाचा हिशोब कसा करतो, पाऊस पडला की फडाचं काय होतं, हे सगळं आतून आलंय. जो माणूस स्वतः त्या फडात राहिलाय, त्या बायांबरोबर एकाच चुलीवरचं खाल्लंय, त्यालाच हे लिहिता येतं. त्यांच्या बहुतेक बायका अशाच आहेत, अब्रूसाठी लढणाऱ्या, हातात कोयता घ्यायला न भिणाऱ्या. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याच्या उद्घाटनाला ते म्हणाले होते की पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर नाही तर दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. या वाक्याची पोस्टरं झाली, चांगलंच झालं, पण कादंबऱ्या उघडल्या तर दिसतं की त्या तळहातांमध्ये बायकांचे तळहात किती आहेत.

पुढचं आयुष्य वाचताना त्रास होतो. १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं, रशियनमध्ये त्यांची पुस्तकं गेली, कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, 'वैजयंता', 'फकिरा', 'टिळा लावते मी रक्ताचा', 'डोंगरची मैना', आणि हा माणूस वर्षानुवर्षं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिला. 'चिरागनगरची भुतं' तिथलीच. लिहायला टेबल नाही, शांतता नाही, बाहेर नळावर भांडणं, आणि आत वारणेच्या खोऱ्यातला फकिरा घोड्यावरून चाललाय. अगदी शेवटी गोरेगावला घर मिळालं. १८ जुलै १९६९ ला गेले, वय ४९ सुद्धा पूर्ण नाही. २००२ मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात पुतळा बसला. मानसन्मान आले ते असे, फार उशिरा.

माझी विनंती एवढीच की जयंतीला फोटो शेअर करता तसं एक पुस्तकही उघडा. आणि जमलं तर एकट्याने वाचू नका. आमच्यासारखं गच्चीवर चार लोक जमवा, नाट्यगृह नको, माइक नको, लाइट नको. 'फकिरा'तलं जोगणीचं प्रकरण पहिल्यांदा घ्या, पात्रं वाटून घ्या, निवेदन एकाच्याच आवाजात ठेवा आणि तो आवाज गावाकडच्या बोलीला न लाजणारा असू द्या, पुस्तकी उच्चार केले की सगळी मजा जाते. हलगी असेल तर उत्तम पण वाक्यावर वाजवू नका, वाक्य संपल्यावर. ज्यांना मराठी अर्धीमुर्धीच येते अशांनाही बोलवा, आपल्या इंदूरात ते शेजारीच असतात. पहिल्यांदा कथा घ्यायची असेल तर 'स्मशानातील सोनं', फक्त लहान मुलं झोपल्यावर. आम्ही पावसाळा संपला की 'वैजयंता' घेणार आहोत, वैजयंताचं काम करायला आवाज चांगला असलेली आणि लावणी म्हणू शकणारी मुलगी अजून मिळालेली नाही, कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा.